ईटच्या केंद्रावरचा सांगकाम्या

ज्ञानेश्वरी बेंबळीत सून म्हणून आली तेव्हा सासरच्या माणसांना तिच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं, की पोरगी मेंढरं राखणाऱ्या घरातली आहे, कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेली आहे आणि हिशेबाला पक्की आहे. चुका काढायची तिला खोड आहे, हे नंतर कळलं. लग्नानंतर ती एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात ऊसनोंदी भरायला जाऊ लागली. तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच शेतकऱ्याच्या जमिनीचे दोन गट भरले की एक गट गुपचूप गायब व्हायचा. बाकीचे लोक ती नोंद परत भरायचे आणि चहाला जायचे. ज्ञानेश्वरी प्रत्येक वेळी ते सॉफ्टवेअर करणाऱ्या पुण्याच्या कंपनीला मेल करायची. त्यांनी एक चूक दुरुस्त केली की ही दुसरी पाठवायची. शेवटी कंपनीवाल्यांनीच हात टेकले आणि विचारलं, की बाई, तुम्ही आमच्याकडंच का येत नाही? काम घरी बसून करायचं होतं. नवरा कृष्णराज पाटबंधारे खात्यात, त्याची बदली कुठंही व्हायची; सासू अयोध्याबाई घरी एकट्या. तिनं हो म्हणून टाकलं.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कंपनी पुढं दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर करायला लागली. काट्यावर दूध ठेवलं की वजन आपोआप कॉम्प्युटरवर येतं, शेजारच्या मशीनमधून फॅट येते, आणि सभासदाच्या हातात पावती पडते. पुण्यातल्या कोणीही प्रोग्राममध्ये बदल केला की त्याची तपासणी आपोआप व्हायची. भाड्यानं घेतलेल्या कुठल्यातरी लांबच्या कॉम्प्युटरवर ती चालायची आणि शेवटी हिरवी खूण नाहीतर लाल खूण यायची. पण त्या लांबच्या कॉम्प्युटरला ना काटा होता ना फॅटचं मशीन. तिथं सगळं खोटं खोटं चालायचं. तिथं हिरवं झालेलं सॉफ्टवेअर खऱ्या केंद्रावर गेलं की काट्याशी बोलेनासं व्हायचं, आणि केंद्रावरून शिव्या यायच्या त्या ज्ञानेश्वरीच्या फोनवर.

म्हणून तिनंच मीटिंगमध्ये मांडलं, की तपासणी खऱ्या काट्यावर झाली पाहिजे. त्यासाठी आपल्याच एका कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम बसवावा लागतो, त्याला रनर म्हणतात. तो पुण्याकडं कान लावून बसतो. काम आलं की करतो, निकाल कळवतो आणि पुन्हा कान लावून बसतो. सासूला समजावताना ती त्याला सांगकाम्या म्हणाली आणि घरात तेच नाव पडलं.

तिची मागणी साधी होती: एक वेगळा कॉम्प्युटर आणि एक जादा काटा. तिच्या गटाचा प्रमुख कुलदीप, तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान, बोलायला गोड. तो म्हणाला, "ताई, काटा मागवायला वेळ लागेल. भूम तालुक्यात ईटला आपलं केंद्र आहे ना? दूध सकाळ-संध्याकाळ येतं. दुपारी काटा रिकामाच असतो. रनर तिथल्याच कॉम्प्युटरवर बसवू, आणि तपासण्या फक्त दुपारी चालवू." सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्ञानेश्वरीला ते मनातून पटलं नव्हतं, पण नको म्हणावं तर ही कल्पना तिचीच.

बेंबळीहून ईट म्हणजे काही शेजार नव्हे. आधी धाराशिव, तिथून भूमची एसटी, भूमहून काळीपिवळी जीप. केंद्र गावाच्या कडेला, खव्याच्या भट्ट्यांच्या अलीकडं. सचिव बलभीम आण्णा पन्नाशी ओलांडलेले, पांढरा शर्ट, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी चहा मागवला, खुर्ची पुसून दिली आणि मागं हात बांधून उभे राहिले. ज्ञानेश्वरी घाईत होती. परतीची गाडी चुकवायची नव्हती. तिनं त्यांना एवढंच सांगितलं, की मी एक प्रोग्राम टाकतेय, तुम्हाला त्यात काही करावं लागणार नाही.

रनर बसवताना त्याची ओळख पटवायला एक लांबलचक टोकन, म्हणजे इंग्रजी अक्षरं-आकड्यांचा परवलीचा शब्द, द्यावं लागतं. ते तिनं घरून निघतानाच उतरवून घेतलं होतं. इथं टाकलं तर चालेना. दोनदा अक्षर अन् अक्षर तपासलं, तरी चालेना. मग ध्यानात आलं, की ते टोकन तासाभरातच शिळं होतं, आणि तिला यायलाच अर्धा दिवस गेलेला. कंपनीचं खातं केंद्राच्या कॉम्प्युटरवर उघडायला मनाई, म्हणून नवीन काढायला मोबाईल उघडला तर रेंज फक्त दारात. दारात उभं राहून टोकन वाचायचं, आत येऊन टाईप करायचं, पुन्हा दारात जायचं, अशा फेऱ्या घालून एकदाचं ते काम झालं. तिनं पुण्याला कळवलं. कुलदीपनं काम पाठवलं. काट्याचा आकडा स्क्रीनवर आला, प्रिंटरनं एक पावती काढली आणि हिरवी खूण उमटली. परतीच्या जीपमध्ये ज्ञानेश्वरी खिडकीजवळ बसून एकटीच हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर कुलदीपचा मेसेज: रनर ऑफलाइन.

कारण शोधायला वेळ लागला नाही. तिनं रनर स्क्रीनवरच्या एका खिडकीत हातानं चालू करून ठेवला होता, आणि संध्याकाळचं दूध संपल्यावर बलभीम आण्णांनी नेहमीप्रमाणं कॉम्प्युटर बंद केला होता. रनर असा बसवायला हवा, की कॉम्प्युटर सुरू झाला की तोही आपला आपण उठेल. हे तिला माहीत होतं. घाईत राहून गेलं होतं. स्वतःवरच चिडत ती पुन्हा भूमच्या एसटीत बसली.

या खेपेला रनर आपला आपण उठायला लागला. पण आता नवीनच तऱ्हा. पुण्याहून काम आलं की तो ते घ्यायचा आणि काट्यापाशी जाऊन अडायचा. परवानगी नाही, एवढंच म्हणायचा. हातानं चालवला की तोच प्रोग्राम, तोच काटा, सगळं सुरळीत. आपोआप चालला की परवानगी नाही. ज्ञानेश्वरीनं दुपारभर डोकं आपटलं. आपोआप चालताना रनर वेगळ्या नावानं वावरतो आणि त्या नावाला काट्याची वायर वापरायचा हक्क नसतो, हे तिनं शोधून काढलं. हक्क दिला. तरी परवानगी नाही. परत काढून परत दिला. तरी नाही. बलभीम आण्णा मधूनच येऊन बघायचे आणि विचारायचे, "ताई, आमच्या काट्यात काय बिघाड हाय का?" ती मान वर न करता म्हणाली, "काट्यात काही नाही, आण्णा. मला जरा बघू द्या." ते बाहेर जाऊन कॅन धूत बसले.

शेवटी लाईट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी कधीचीच उतरलेली, त्यामुळं कॉम्प्युटरही गेला. ज्ञानेश्वरी कपाळाला हात लावून अंधाऱ्या खोलीत बसून राहिली. लाईट आल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला, रनर उठला आणि पुण्यातून आलेलं काम त्यानं बिनबोभाट पार पाडलं. हक्क तिनं दिलेला होताच. तो रनर पुन्हा सुरू झाल्याशिवाय लागू होत नव्हता. एवढं एक बटण दाबायचं सुचलं असतं तर दुपार वाचली असती. हिरवी खूण बघून तिला हसू आलं नाही. जीपमध्ये ती डोळे मिटून बसली.

मधे थोडे दिवस बरे गेले. मग पुन्हा मेसेज यायला लागले. रनर ऑफलाइन. आज सकाळपासून रनर ऑफलाइन. ताई, रनर बघता का प्लीज. या वेळी नुसता रनर नव्हे, आख्खा कॉम्प्युटरच बेंबळीहून दिसेनासा व्हायचा. कधी दुपारी उगवायचा, कधी दिवसभर गायब. तिनं बलभीम आण्णांना फोन केला. नेट आहे का विचारलं. ते म्हणाले, नेट येतंय-जातंय. तिनं नेटवाल्यांकडं तक्रार केली. त्यांचा माणूस जाऊन आला आणि लाईन ठीक आहे म्हणाला. तिनं कंपनीकडून नवा राऊटर मागवून ईटला पाठवला. तो लावल्यावरही तेच. फोनवर आण्णांचं उत्तर तेच, येतंय-जातंय.

ज्ञानेश्वरीचा जीव मेटाकुटीला आला. जेवताना ताटाशेजारी फोन. रनर दिसला की हातातला घास ठेवून ती नोंदी उघडायची आणि वाचायच्या आत तो पुन्हा मावळायचा. पुण्यातल्या मुलांचे बदल तपासणीसाठी रांगेत ताटकळायचे, आणि मीटिंगमध्ये दर वेळी तोच विषय निघायचा. एकदा कुणीतरी म्हणालं, की गावाकडं हे असलंच होणार. दुसरा म्हणाला, की जवळ राहणाऱ्या माणसानंच नीट लक्ष दिलं पाहिजे ना. कुलदीपनं विषय बदलला, पण ज्ञानेश्वरीच्या मनाला ते लागलं. दुसऱ्याच्या चुका दाखवण्यात जिचं आयुष्य गेलं तिच्याच नावावर आता रोज एक लाल ओळ पडत होती, आणि ती का पडते हे तिला सांगता येत नव्हतं. त्या दिवसांत ती घरात कोणाशी सरळ बोलली नाही. अयोध्याबाई एकदा म्हणाल्या, "त्या सांगकाम्याला आता तरी काढून टाक बाई. घरातलं माणूस हैराण करून सोडलंय त्यानं."

ती न कळवता निघाली. आदल्या दिवशी भूमला मावसबहीण महेश्वरीकडं मुक्कामाला गेली आणि सकाळी पहिल्या जीपनं ईट गाठलं. केंद्रावर दुधाची गर्दी होती. बायका किटल्या घेऊन ओळीनं उभ्या, मोटरसायकलींना कॅन लटकवलेले, आत बलभीम आण्णा काट्यावर. ज्ञानेश्वरी सरळ कॉम्प्युटरपाशी गेली. नव्या राऊटरचे दिवे छान लुकलुकत होते. त्यातून निघणारी वायर कॉम्प्युटरला लावलेली नव्हती. ती नीट गुंडाळून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली होती.

तिच्या मस्तकात तिडीक गेली. रांगेतल्या सगळ्यांसमोर ती म्हणाली, "आण्णा, ही वायर कुणी काढली?"

बलभीम आण्णांनी हातातलं माप खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्या काढली," ते म्हणाले.

"आणि मला फोनवर नेट येतंय-जातंय सांगत होता?"

 उत्तर दिलं ते द्वारकाबाईंनी. साठीच्या, कपाळावर मोठं कुंकू, हातात पितळी चरवी. रांगेत त्यांचाच नंबर होता. त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक घडी केलेली पावती काढून ज्ञानेश्वरीपुढं धरली. पावतीवर छापलं होतं: चाचणी सभासद, म्हैस, चाळीस लिटर. "माझी एक म्हैस हाय बाई," द्वारकाबाई म्हणाल्या, "ती पण आटत आली. ही पावती हातात पडली अन् समदी रांग मला हसली. मागच्या माणसाला वाटलं, बलभीम माझ्या नावावर दूध चढवतोय. लई बोलला त्याला. चोर म्हणला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तपासण्या दुपारी चालवायच्या, हे मीटिंगमध्ये बोललं गेलं होतं; रनरला कुणी सांगितलंच नव्हतं. पुण्यात कुणी सकाळी बदल पाठवला की रनर सकाळीच कामाला लागायचा. रांग उभी असतानाच काटा आपल्या ताब्यात घ्यायचा आणि प्रिंटरमधून खोट्या सभासदांच्या पावत्या काढायचा. बलभीम आण्णांना ते कशानं होतंय हे कळेना. वायर काढल्यावर थांबतं एवढं त्यांनी हेरलं. म्हणून दूध घेताना ते वायर काढायचे आणि दुपारी आठवणीनं लावायचे. कधी लावायची राहिली आणि संध्याकाळी लावली, की सकाळपासून तुंबलेली सगळी कामं एकदम चालायची आणि ऐन दुधाच्या वेळी पावत्यांची माळ बाहेर पडायची. तेव्हापासून त्यांनी वायर लावणंच जवळपास सोडलं होतं.

"मला सांगितलं का नाही?" ज्ञानेश्वरीनं विचारलं. आवाज आता उतरला होता.

"तुमी म्हणला होता, तुम्हाला काही करावं लागणार न्हाय," बलभीम आण्णा म्हणाले. "अन् म्या तर वायर काढून बसलेलो. वाटलं, माझ्याच हातनं काय तरी बिघडलंय. तुमी कॉम्प्युटर उचलून न्याल. मग पुन्हा हातानं पावत्या लिहायच्या, अन् चोर म्हणणारे हायेतच."

ज्ञानेश्वरीचा वैताग होता तसाच होता, पण आता तो टाकायचा कुणावर? ती रांगेतून बाहेर आली, दारात रेंज होती तिथं उभी राहिली आणि कुलदीपला फोन लावला. तो नुकताच उठला असावा. तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, की वेळेचं बंधन आजच घालतो, दुपारी बारा ते तीन, विषय संपला. ती म्हणाली, "कुलदीप, उद्या कुणी ते बंधन काढलं की पुन्हा हेच. लोक दूध घालतात त्या काट्यावर आपण तपासण्या चालवायच्या नाहीत. मी रनर काढतेय. वेगळा काटा येईपर्यंत खऱ्या काट्यावरची तपासणी बंद." तो म्हणाला, की इतके आठवडे घातलेत ताई, थोडं थांबा, वर विचारतो. ती म्हणाली, "विचारा. तोवर मी काढते."

दूध संपेपर्यंत ती बाहेर ओट्यावर बसून राहिली. मग आत जाऊन तिनं रनर काढायला घेतला. काढायलाही टोकन लागत होतं. पुन्हा दारात, पुन्हा आत, पुन्हा दारात. दुसऱ्या फेरीला बलभीम आण्णा म्हणाले, की तुम्ही दारातनं वाचा, म्या दाबतो. त्यांना इंग्रजी अक्षरं यायची, पण मोठं कुठलं आणि छोटं कुठलं यात गोंधळ व्हायचा. तीन वेळा चुकलं. चौथ्यांदा रनर गेला. निघताना तिनं द्वारकाबाईंची ती पावती मागून घेतली, मीटिंगमध्ये दाखवायला. वायर तिनं स्वतः कॉम्प्युटरला लावली आणि आण्णांना सांगितलं, की आता ही काढायचं कारण नाही. त्यांनी मान हलवली, पण त्यांचा त्यावर विश्वास बसलेला दिसला नाही.

पुढचे दोन महिने तिला बोलणी खावी लागली. खऱ्या काट्यावरची तपासणी नसल्यामुळं एक बिघाड तीन केंद्रांवर गेला, आणि फोन पुन्हा तिलाच आले. पावती दाखवल्यावर मीटिंगमध्ये सगळे हसले होते. तिला ते आवडलं नाही, आणि तिनं तसं सांगितलं. वरच्या लोकांनी वेगळा काटा मंजूर केला तो या फोनांमुळं, की पावतीमुळं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. कुठल्यातरी बंद पडलेल्या केंद्रावरचा जुना काटा पाठवला. एका कोपऱ्यात गंजलेला, पण आकडा बरोबर दाखवणारा. सोबत एक छोटा कॉम्प्युटर. ते कुठं ठेवायचं, हा प्रश्नच आला नाही. ट्रकवाल्यानं खोका बेंबळीत दारात उतरवला.

माजघराच्या शेजारच्या खोलीत तिनं सगळं मांडलं. या खेपेला टोकन ताजं होतं, रनर आपला आपण उठत होता, काट्याचा हक्क देऊन तिनं लगेच सगळं एकदा बंद करून सुरू केलं. अर्ध्या तासात झालं. मागच्या खेपेला याच कामात ईटच्या दोन फेऱ्या गेल्या होत्या, हे आठवून तिला आनंदाऐवजी दमल्यासारखंच झालं. तपासणीला काट्यावर ठरलेलं वजन लागतं, म्हणून तिनं किराणा दुकानातून बरोबर वीस किलो मोजून आणलेला दगड काट्यावर ठेवला आणि भिंतीला कागद चिकटवला: दगडाला हात लावू नये.

पंधरवडा चांगला गेला. बलभीम आण्णांचा एकदा फोन आला, नवीन सॉफ्टवेअर टाकू का विचारायला. ती म्हणाली, टाका आण्णा, इथं काट्यावर तपासलंय. त्यांनी टाकलं, आणि संध्याकाळी फोन करून सांगितलं, की पावत्या ज्याच्या त्याला जातायत.

मग एका दुपारी ग्रुपवर लाल खूण आली. पाठोपाठ दुसरी. तिसरी. कुलदीपचा मेसेज: ताई, काटा वीसच्या जागी साडेसात दाखवतोय, काटा गेला का?  ज्ञानेश्वरी ताटावरून उठून खोलीत गेली. अयोध्याबाई खाली बसल्या होत्या. दगड भिंतीला टेकवून ठेवलेला, काट्यावर कांद्याचं गाठोडं, आणि शेजारीण गौराबाई वाट बघत उभी.

"आत्या, तिथं कागद लावलाय," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"वाचला की," अयोध्याबाई म्हणाल्या. "दगडाला हात लावू नये लिहिलंय. म्हणून पायानं सरकवला."

गौराबाई तोंडाला पदर लावून खाली बघायला लागली. ज्ञानेश्वरीनं गाठोडं उतरू दिलं, दगड उचलून जागेवर ठेवला, आकडा वीसवर स्थिर झालेला बघितला. मग ग्रुपवर लिहिलं: काटा ठीक आहे, रनर ठीक आहे, सासूबाई कांदे मोजत होत्या, परत चालवा.

कुलदीपनं परत चालवलं. ती तिथंच उभी राहून बघत होती. पहिली तपासणी हिरवी झाली, दुसरी हिरवी झाली, आणि तिसरी चालू असतानाच लाईट गेली.